पुस्तकातली सावत्र आई

मोठ्यांच्या कादंबऱ्या मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. त्यांतली माणसं खिडकीशी उभी राहून उसासे टाकतात आणि पन्नास पानं उलटली तरी कपातला चहा कुणी पीत नाही. कुमारांच्या पुस्तकांत तसं नसतं. पहिल्या पानावर कुणीतरी नाहीसं होतं आणि चौथ्या पानावर पोरं विजेरी घेऊन शोधायला निघालेली असतात. वाचणाऱ्या बाईला कामं असतात हो. चुलीवर डाळ असते, तिला उतू जायला कितीसा वेळ लागतो?

पिंपरी गावातल्या आमच्या बैठ्या चाळीतून रुळांच्या कडेकडेनं चिंचवड स्टेशनाकडं पायवाट जायची. तिथं एक वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि लक्ष्मणराव. लक्ष्मणराव स्वभावानं गरीब, पण कुमारांचं कपाट कुलपात ठेवायचे. तिशीला टेकलेली बाई ती पुस्तकं स्वतःसाठी नेते हे त्यांना आधी पटेना. मग पटलं, आणि पुण्याहून नवा गठ्ठा आला की तेच विचारायला लागले, "सुमनताई, ह्या खेपेचं काय म्हणणं तुमचं?"

माझं म्हणणं नेहमी तयार असायचं. अठ्ठावन्न सालची दिवाळी नुकतीच झाली होती. रशियानं आकाशात ते यान सोडल्यापासून आमच्या लेखकांचे पाय जमिनीला लागत नव्हते. जो उठतो तो चंद्रावर. एका पुस्तकात पोरं चंद्रावर उतरून डबा उघडतात आणि थालीपीठ खातात. हवा नाही, पाणी नाही, पण लोणचं आहे. मी लक्ष्मणरावांना म्हटलं, ह्या गृहस्थाला आधी एस्टीनं चाकणपर्यंत जाऊन यायला सांगा, प्रवास कशाला म्हणतात ते तरी कळेल. दुसरी तऱ्हा इंग्रजीवरून उचललेल्यांची. पोरांची नावं विनू आणि वसंता, पण घसरतात ती बर्फावर, आणि घरी आल्यावर त्यांची आत्या त्यांना शेकोटीपुढं बसवून केक देते. कुठली आली असली आत्या? माझ्या आत्यानं मला पाटीभर भांडी दिली होती घासायला. आणि बोधाची पुस्तकं तर विचारूच नका. त्यांतला मुलगा इतका आज्ञाधारक असतो की शेवटी मरतोच, आणि मरता मरता सगळ्या गावाला सुधारून जातो. असलं वाचून पोरं सुधारत नाहीत, त्यांना ताप भरतो.

रहस्याच्या पुस्तकांना मात्र मी सगळं माफ करायची. ती भरधाव पळायची, आणि चोर कोण हे मला कधीच आधी ओळखता यायचं नाही.

ह्याच पुस्तकांवर माझा संसार टेकलेला होता, म्हणून हे सगळं सांगते. मला बिजवराला दिली होती. आमचे हे, बबनराव, नव्या औषधाच्या कारखान्यात फिटर. त्यांची पहिली बायको अंबुबाई तापानं गेली तेव्हा मुलगी, शालन, लहान होती. आईमागं ती आजोळी निघोज्याला राहिली. माझं लग्न झाल्यावर ह्यांनी तिला पिंपरीला आणलं, कारण निघोज्याच्या शाळेत चौथीच्या पुढं वर्ग नव्हता आणि पोरगी हुशार होती. मला स्वतःचं मूल नव्हतं. मला ती हवी होती, सरळ सांगते. तिची वेणीफणी मला करायची होती, तिच्यावर ओरडायचं होतं, तिच्या परकराला पट्टी जोडायची होती.

पण शालन मला कशानंही हाक मारायची नाही. आई नाही, मावशी नाही, काही नाही. पाणी हवं असलं तर माठाकडं बघायची. माझ्याबद्दल ह्यांना काही सांगायचं असलं तर 'घरात' म्हणायची, घरात म्हणतात रॉकेल संपलं. मी तोंडाची फटकळ बाई. चाळीत माझ्याशी नळावर भांडायला कुणी धजत नाही. ह्या पोरीपुढं मात्र मी जीभ चावून बसायची.

शेवटी मला एकच अक्कल सुचली, पुस्तकं. मी माझं वाचून झालेलं पुस्तक तिच्या दप्तराशी ठेवून द्यायला लागले. काही बोलायचं नाही, नुसतं ठेवायचं. एक दिवस मी भाकरी थापत असताना ती मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चोर माळीच आहे. पाऊस पडला तरी त्याच्या पायाला चिखल नव्हता." मी अर्ध्यातच होते त्या पुस्तकाच्या. रहस्य फोडलं म्हणून एरवी मी आकाशपाताळ एक केलं असतं, पण त्या दिवशी मला रडूच आलं. पोरगी बोलली होती माझ्याशी.

तिथून आमचं बरं चाललं, असं मला वाटत होतं. नवा गठ्ठा आला की आधी मी वाचायची, मग ती. जेवतानाही तिला पुस्तक लागायचं. ताट घेऊन ती मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसायची आणि ताट लख्ख होऊन परत यायचं. मी वाढायची आणि समाधानानं बघायची.

आणि तरी ती वाळत चालली. दिवाळीनंतर तिच्या मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. गालफडं बसली. ह्यांनी तिला डॉक्टरकडं नेली, जंतावर औषध आणलं. मी दुधात तूप घातलं, शेंगदाण्याचे लाडू केले. ताट लख्ख, डबा लख्ख, आणि पोरगी काडी. मला काही सुधरेना.

त्यात निघोज्याहून आजी आली, मंजुळाबाई, अंबुबाईची आई. दारातच तिनं नातीचा दंड हातात धरला आणि माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं मी चोरी करताना सापडले.

"ही काय दशा पोरीची," ती म्हणाली. "माज्याकडं व्हती तवा टमाट्यावानी व्हती. आता भोगीला यिते. पोरगी अशीच दिसली तर घिऊन जाईन. लई झाली साळा. माज्या भावाचा नातू हाय, घरी बैलजोडी हाय. दोन वर्सांनी लगीन लावून टाकू."

हे म्हणजे काय ते मला चांगलं कळत होतं. शालनची शाळा सुटणार, पुस्तकं सुटणार, आणि एकदा का ती त्या घरी गेली की पुन्हा काही ती माझी व्हायची नाही. ह्यांना म्हटलं, काही बोला. हे म्हणाले, "बोलू काय? पोरगी वाळलीय हे खोटं आहे का?" खोटं नव्हतं. मग मी तिच्या ताटात आणखी वाढायला लागले. जबरदस्तीनं वाढायची. ती मुकाट्यानं घ्यायची आणि मागच्या दारी जायची.

भोगीच्या सकाळी मी तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या करत होते. रातपाळी करून आलेले हे आत झोपले होते. आजी पहिल्या एस्टीनं येऊन टेकली होती आणि नातीचं पुन्हा माप घेतल्यासारखं बघत होती. तेवढ्यात मागून रहमतबीच्या रडण्याचा आवाज आला.

रहमतबी आमची शेजारीण. तिच्या नवऱ्याचं, इब्राहिमभाईंचं, सायकल दुरुस्तीचं दुकान. आमच्या मागच्या दाराशी त्यांची शेळी बांधलेली असायची, पांढरी, कपाळावर काळा टिळा. ती शेळी आडवी पडली होती, पाय ताठ, पोट ढोलासारखं फुगलेलं. रहमतबी तिच्या डोक्याशी बसून रडत होती आणि इब्राहिमभाई पोटावर हात फिरवत होते.

"ही फुगून मेली," इब्राहिमभाई म्हणाले. "हिला शिजवलेलं कुणी घातलं? भाकरी, भात? शेळीला एखादा तुकडा चालतो. रोज घातलं की पोटात आंबतं आणि मरते."

"मी नाही घातलं," रहमतबी म्हणाली. "मी तर पाला सोडून काही देत नाही."

मी काही बोलायच्या आत माझ्या मागून आवाज आला.

"मी घातलं."

शालन दारात उभी होती. हातात पुस्तक, बोट पानात. चेहरा कागदासारखा पांढराफटक.

"माझ्या ताटातलं सगळं हिला घालत होते. रोज. मी खाल्लं असतं तर मी मेले असते."

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. "काय म्हणालीस?" मी विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती इब्राहिमभाईंकडं बघून बोलत होती, फौजदाराकडं बघून बोलावं तशी.

"जेवणात विष असतं. मला माहीत होतं, पण पुरावा नव्हता. आता आहे." आणि तिनं शेळीकडं बोट केलं. मग तेच बोट माझ्याकडं. "हिनं घातलं."

मी दाराच्या चौकटीला धरलं. आजूबाजूच्या खोल्यांतून बाया बाहेर आल्या होत्या. कुणाच्या हातात लाटणं, कुणाच्या कडेवर पोर, आणि सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी वर्षभर ज्या पोरीसाठी चुलीपुढं जीव जाळला, ती भर चाळीत मला खुनी म्हणत होती. हे झोपेतून उठून आले ते तसेच बनियनवर. शालननं त्यांच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं, शाळेत कविता म्हणावी तसं, न अडखळता.

"बाबांचं ताट ही आधी वाढते. मग भिंतीकडं तोंड करते. चिमूटभर भात घेऊन गळ्याशी नेते, चोळीच्या आत. तिथं काहीतरी दोऱ्याला बांधलेलं आहे. ते भाताला लावते. काहीतरी पुटपुटते. मग त्याच हातानं माझं ताट वाढते. रोज दोन्ही वेळा. दिवाळीपासून मी बघतेय. आणि ते काय असतं ते इथं लिहिलंय."

तिनं पुस्तक उघडून पुढं केलं. कुणीच घेईना, तेव्हा तिनंच वाचलं. "दुष्ट सावत्र आईने इकडेतिकडे पाहिले. तिने गळ्यातील चांदीची डबी हळूच बाहेर काढली, भाताच्या घासाला ती टेकवली आणि ती पुटपुटली, आता संपले तुझे दिवस, मुली."

ते पान मी वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, मला ते आवडलं होतं. लक्ष्मणरावांना मी म्हटलं होतं, ह्या खेपेला दुष्ट बाई तरी झकास रंगवली आहे. ती बाई म्हणजे मी, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. पुस्तकातली ती मुंबईच्या बंगल्यात राहणारी, पायात उंच टाचांच्या चपला. माझ्या टाचांना भेगा. पण त्या घडीला दारात उभी राहून मी आठवून बघितलं तर दिवाळीच्या त्या गठ्ठ्यातल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सावत्र आईच होती. एकात ती पोराला विहिरीत ढकलते, एकात दागिने चोरून नाव पोरीवर घालते. त्या लेखकांचा मला असा संताप आला की कानशिलं तापली. ह्यांना गोष्टीत खून हवा असतो. सख्ख्या आईकडून तो करवत नाही, शेजारणीकडून पटत नाही, मग आहेच सावत्र आई, फुकटची. आणि ही सगळी पुस्तकं मी माझ्या हातानं रुळाच्या कडेनं चालत जाऊन आणली होती आणि माझ्या हातानं तिच्या दप्तराशी ठेवली होती.

"म्हणून जेवत नव्हतीस?" ह्यांनी विचारलं. "मग खात काय होतीस?"

"तुमच्या ताटात उरलेलं. मैत्रिणींच्या डब्यातलं. रहमतचाची देते ते."

रहमतबीनं कपाळावर हात मारला. "या अल्ला, मी म्हणायची पोर रोज भाकरीचा तुकडा मागते, घरी एवढी चूल पेटते तरी. वाटलं पोरांना दुसऱ्याच्या घरचं गोड लागतं."

ह्यांनी शालनवर हात उगारला. मी तो वरच्यावर धरला. मला तिचा राग आला नव्हता असं नाही, चांगला आला होता. पण ती उभी होती ताठ, पुस्तक छातीशी धरून. ती लहान पोर विषाला घाबरून महिनोन्महिने माझ्याच घरात उपाशी राहिली होती आणि तरी रोज माझ्या हातून ताट घेत होती. मी तिच्या जागी असते तर पळून गेले असते.

मी चोळीत हात घातला आणि दोरा बाहेर काढला.

"हे घे तुझं विष," मी म्हटलं. "बघ नीट."

शालन एक पाऊल मागं सरली. दोऱ्याला नखाएवढा चांदीचा टाक होता. त्यावर ठोकून उठवलेली एक बाई, दोन्ही हात जोडलेली, नाकडोळे जेमतेम कळणारे. आमच्यात दुसरेपणावर दिलेल्या बाईला लग्नातच हा टाक गळ्यात घालतात. तो गेलेल्या सवतीचा. जेवायच्या आधी घास तिला दाखवायचा, नवं लुगडं आधी तिला लावायचं, मग आपण नेसायचं. माझ्या आईनं घालताना कानात सांगितलं होतं, तिचं घर आहे ते, तिला विचारल्याबिगर तोंडात घास घालू नकोस. मी पुस्तकं वाचणारी बाई, असल्या गोष्टींना हसणारी. पण हे मी एक दिवस चुकवलं नव्हतं. ह्यांचं ताट वाढून झालं की मी म्हणायची, अंबुबाई, जेवा. हेच ते पुटपुटणं.

शालनला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आई गेल्यावर ती महिनाभर शेतात, विहिरीवर आईला शोधत फिरली होती, म्हणून हे म्हणाले होते, पोरीसमोर काही बोलू नकोस, पुन्हा तिचं डोकं फिरेल. म्हणून मी भिंतीकडं तोंड करायची.

आजी पुढं आली. तिचा आवाजच बदलला होता.

"अगं पोरी," ती म्हणाली, "ती तुजी आय हाय."

शालन माझ्याजवळ आली. दोन बोटांत तिनं टाक धरला. दोरा माझ्या गळ्यातच होता, त्यामुळं माझी मान खाली ओढली गेली आणि माझं तोंड तिच्या तोंडाशी आलं. एवढ्या जवळून आम्ही एकमेकींना कधी बघितलंच नव्हतं. तिच्या पापण्यांवर शेळीजवळची धूळ होती.

"ही आई?"

"हो," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"लग्नापासून."

मला वाटलं आता रडेल, गळ्यात पडेल. पुस्तकात तसंच झालं असतं, शेवटच्या पानावर. ती रडली नाही. तिचे डोळे बारीक झाले आणि रागात तिची निघोज्याची बोली वर आली.

"माजी आय हितं तुज्या गळ्यात व्हती, आन् मला कुनी सांगितलं न्हाई. मी हितं बसून जेवत न्हवते, आन् ती रोज जेवत व्हती. तू तिला लपवून ठिवलीस."

विषाचा आळ खोटा होता, तो मी झटकून टाकला असता. हे खरं होतं. ह्यांनी तोंड उघडलं, "मीच म्हटलं होतं सांगू नको म्हणून," पण ती ऐकायला तयार नव्हती. तिनं पहिल्यांदाच मला 'तू' म्हटलं होतं, आणि ते असल्या कारणानं.

आजीनं पदरानं नाक पुसलं आणि नातीचा दंड धरला. "चल. कापडं भर. ह्या घरात तुला घास ग्वाड लागायचा न्हाई. दुपारची एस्टी धरू."

"मी न्हाई येत," शालन म्हणाली.

"आता का? मगाशी तर विष म्हणत व्हतीस."

"आई हितं हाय. मी तिला सोडून कशी येऊ?"

आजीनं दंड सोडला. सगळं बळ गोळा करून ती म्हणाली, "अगं, ती चांदीची हाय."

"असू दे."

तेव्हा आजी माझ्याकडं वळली. तिनं हात पुढं केला, तळवा वर. "मग दे काडून. माज्या लेकीचा टाक हाय. पोरीसंगं जाऊ दे निघोज्याला. तिकडं आमी पूजू."

ते ऐकून हे दचकले. तो टाक बाई मरेपर्यंत गळ्यातून निघत नाही, काढला तर घर बसतं म्हणतात. चाळीतल्या बाया पदर तोंडाशी नेऊन माझ्याकडं बघत होत्या. सगळ्यांना वाटलं मी रूढीला घाबरून नाही म्हणेन. खरं सांगते, रूढीबिढी काही माझ्या मनात नव्हतं. टाक गेला की पोरगी गेली, एवढं एकच मला कळत होतं. मी टाक मुठीत धरला, इतका घट्ट की त्याची कड तळव्यात रुतली.

"नाही देणार," मी म्हटलं. "तुम्ही तिची आई आहात, मान्य. पण लग्नात ती माझ्या गळ्यात घातली आहे. मी जिवंत असेपर्यंत ती इथंच राहील, आणि पोरगीही."

"पोरीसाठी माज्या लेकीला धरून ठिवतीस व्हय?"

"हो," मी म्हटलं. "तसंच समजा."

आजी ओट्यावर बसली आणि रडायला लागली. मीही रडत होते, फक्त माझी मूठ सुटत नव्हती. रहमतबीनं मेलेल्या शेळीजवळून उठून आम्हा दोघींना पाणी आणून दिलं. त्या दिवशी त्या बाईची शेळी गेली होती, तरी ती शालनला एका शब्दानं बोलली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "बेटा, पुढच्या वेळी पुरावा हवा असला तर मला आधी विचार."

आजी दुपारच्या एस्टीनं एकटीच गेली. ह्यांनी तिला फाट्यापर्यंत पोचवलं. हे परत आल्यावर मी चूल पुन्हा पेटवली, कारण भोगीचं जेवण तसंच राहिलं होतं. शालन आत आली आणि पायरीवर न जाता चुलीसमोर बसली. पुस्तक आणलं नव्हतं. मी ह्यांचं ताट वाढलं. मग सवयीनं भिंतीकडं वळले.

"तोंड फिरवू नकोस," ती म्हणाली.

मी वळले. खिचडीतला चिमूटभर भात घेतला आणि तिच्यासमोर तो टाकाला लावला.

"तिला भात आवडत नव्हता," शालन म्हणाली.

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे ताटात बघत होते.

"काय आवडायचं?" मी विचारलं.

"भाकरीची करपलेली कड. बाबांना वाढायच्या आधी ती मोडून खायची. मला पण द्यायची."

"हो," हे खाली मान घालूनच म्हणाले. "खायची."

वर्षभर त्या बाईला मी रोज दोन्ही वेळा भात भरवत होते. आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी एक भाकरी पुन्हा निखाऱ्यावर टाकली आणि एका बाजूला काळी होईपर्यंत तशीच ठेवली. शालननं ती चिमट्यानं ओढून घेतली, कड मोडली आणि माझ्या गळ्यातल्या टाकाला स्वतः लावली. तिची बोटं गरम भाकरीनं लाल झाली होती. ती काही पुटपुटली नाही. मग तो तुकडा तिनं तोंडात टाकला, चावला, गिळला, आणि माझ्याकडं न बघता उरलेली भाकरी कोरडीच खायला लागली.

"आणखी एक कर," ती म्हणाली. "एवढी पुरायची नाही."

मी परातीत पीठ घेतलं. पाणी घातलं आणि मळायला लागले.